सौंदर्यप्रसाधनांचे संरक्षक संवेष्टन : वाहतूक व साठवणुकीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सौंदर्यप्रसाधनांच्या संवेष्टनाचा विचार बहुधा विक्रीच्या अंगाने केला जातो. बाटलीचा आकार, छपाईचे रंग आणि दुकानातील मांडणी यांवर जेवढे लक्ष दिले जाते तेवढे कारखान्यापासून ग्राहकाच्या हातापर्यंतच्या प्रवासात मालाचे रक्षण करणाऱ्या घटकांवर दिले जात नाही. प्रस्तुत लेखात आघात, कंपन, दाब, उष्णता, आर्द्रता व गळती या संकटांचे स्वरूप आणि त्यांना तोंड देणारी संवेष्टनाची यंत्रणा यांचे विवेचन केले आहे. संरक्षण हा कोणत्याही एका वस्तूचा गुण नसून झाकण, पात्र, खोके व थप्पी यांनी मिळून साधलेला परिणाम आहे. कागदी खोक्याची क्षमता ते कसे ठेवले जाते यावर कित्येक पटींनी अवलंबून असते, हे उदाहरणासह स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : सौंदर्यप्रसाधने, संरक्षक संवेष्टन, कोरुगेटेड खोके, आर्द्रता, थप्पी, साठवणूक.

प्रस्तावना

सौंदर्यप्रसाधन ही थेट शरीराशी संबंध येणारी वस्तू आहे. क्रीम, शाम्पू, काजळ, लिपस्टिक, पावडर, केशतेल, अत्तर यांचा वापर त्वचा, केस, ओठ व डोळे या संवेदनशील अवयवांवर होतो. त्यामुळे अशा मालाची वाहतुकीत झालेली हानी ही केवळ व्यापारी हानी ठरत नाही. फुटलेली बाटली ग्राहकाच्या लगेच लक्षात येते आणि तो ती नाकारतो. परंतु झाकण किंचित सैल झालेली, उन्हात तापून आतील इमल्शन बिघडलेली किंवा हवेतील ओलावा व जंतू आत शिरलेली बाटली बाहेरून निर्दोष दिसते. पाणी असलेल्या प्रसाधनांतील परिरक्षकाची मात्रा मर्यादित असते. बाहेरून सतत दूषितीकरण होत राहिल्यास तिचा प्रभाव अपुरा पडू शकतो. डोळ्यांच्या प्रसाधनांत स्यूडोमोनास वर्गातील जीवाणू वाढल्यास पारपटलाला गंभीर संसर्ग होतो, हे वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे. म्हणूनच न दिसणारी हानी ही दिसणाऱ्या हानीपेक्षा अधिक चिंतेची बाब ठरते.

दुसरा प्रश्न आर्थिक आहे. मोठा उत्पादक काही टक्के माल खराब झाला तरी तो खर्च किमतीत सामावून घेऊ शकतो. साबण, उटणे, कोरफडीचे जेल किंवा केशतेल तयार करणाऱ्या बचत गटाला वा लघुउद्योजकाला मात्र एका खेपेतील गळती संपूर्ण महिन्याचा नफा घेऊन जाते. त्यामुळे संरक्षक संवेष्टनाचे मूलभूत ज्ञान वाणिज्य, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गृहविज्ञान या सर्व विद्याशाखांच्या अध्यापनाशी निगडित आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. संवेष्टनाचे विविध स्तर व त्यांची संरक्षक कार्ये स्पष्ट करणे.
२. वाहतूक व साठवणुकीत सौंदर्यप्रसाधनांना असणाऱ्या संकटांची शास्त्रीय कारणमीमांसा करणे.
३. खोक्याच्या प्रत्यक्ष क्षमतेवर आर्द्रता, कालावधी व थप्पीची रचना यांचा होणारा परिणाम दाखवणे.
४. कायदा, पर्यावरण व लघुउत्पादक यांच्या संदर्भात व्यवहार्य दिशा सुचवणे.

१. संवेष्टनाचे स्तर

संवेष्टनाचे प्राथमिक, दुय्यम व तृतीय असे तीन स्तर मानले जातात. प्रसाधनाला प्रत्यक्ष स्पर्श करणारी बाटली, नळी, डबी किंवा सॅशे हा प्राथमिक स्तर होय. त्याभोवतीचे छापील कार्टन व त्यातील माहितीपत्रक हा दुय्यम स्तर होय. अनेक नग एकत्र ठेवणारे कोरुगेटेड खोके, त्यातील कप्पे, पॅलेट व त्यावर गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म हा तृतीय स्तर होय.

ग्राहकाला पहिले दोन स्तर दिसतात. तिसरा स्तर दुकानाच्या मागील दारातच टाकून दिला जातो. खर्चकपातीची वेळ आली की बहुधा प्रथम याच न दिसणाऱ्या स्तरावर कुऱ्हाड चालते. वास्तविक वाहतुकीतील बहुतांश यांत्रिक आघात हाच स्तर झेलतो. कोरुगेटेड कागदाचा इतिहासही याच कार्याची साक्ष देतो. अशा नागमोडी कागदाचे पहिले पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी घेतले गेले. काचेच्या बाटल्या व दिव्यांच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी या कागदाचा उपयोग करण्याचे पेटंट १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी घेतले. आजचे खोके त्याच कल्पनेचा विस्तार आहे.

२. आघात व कंपन

माल चढवताना, उतरवताना व वर्गवारी करताना खोके हातातून निसटते किंवा टाकले जाते. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनच्या '१ए' या प्राथमिक चाचणीत सुमारे दहा किलोपेक्षा कमी वजनाचे खोके ७६० मिलिमीटर उंचीवरून दहा वेळा टाकले जाते. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर व सहा वेळा पृष्ठांवर, असा हा क्रम असतो. खोके जड होत जाते तशी उंची कमी धरली जाते, कारण जड खोके सांभाळून उचलले जाते आणि हलके खोके सहज फेकले जाते. हलक्या मालाला कमी संरक्षण पुरते हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

यातील भौतिकशास्त्र साधे आहे. ७६० मिलिमीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकताना सेकंदाला सुमारे ३.९ मीटर वेगाने जात असते. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर आघाताची तीव्रता ठरते. बाटली खोक्याच्या तळाशी थेट टेकलेली असेल आणि ती ३ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला बसणारे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५० पट असते. मध्ये २५ मिलिमीटर दबणारी गादी असेल तर तेच मंदन सुमारे ३० पटींवर येते. गादी पडण्याची ऊर्जा नाहीशी करत नाही, तर थांबण्याचे अंतर वाढवते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. अतिशय कडक भरण निरुपयोगी असते, कारण ते दबत नाही. अतिशय मऊ भरणही निरुपयोगी असते, कारण ते पूर्ण दबून वस्तू तळाशी आदळते.

कंपनाचे स्वरूप वेगळे आहे. मालट्रकच्या स्प्रिंगांमुळे मालावर सेकंदाला साधारण दोन ते पाच आवर्तनांची कंपने प्रामुख्याने येतात. रस्त्याचे खड्डे त्यात अधिक तीव्र धक्क्यांची भर घालतात. थप्पीची स्वाभाविक वारंवारता बाहेरील कंपनाशी जुळल्यास अनुनाद होऊन सर्वांत वरची खोकी उसळू लागतात. दाबून तयार केलेली फेस पावडर अशा कंपनाने भेगाळते. काचेच्या अत्तराच्या बाटल्या एकमेकींवर घासत राहतात. काचेची ताकद तिच्या पृष्ठभागाच्या अवस्थेवर अवलंबून असते. घासल्याने पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यांमुळे ती घटते आणि पुढे किरकोळ धक्क्यानेही बाटली फुटते. म्हणून बाटल्यांमधील पुठ्ठ्याचे कप्पे ही केवळ नीटनेटक्या मांडणीची सोय नसते. बाटल्या परस्परांना लागू न देणे हे त्यांचे मुख्य कार्य होय.

ऑनलाइन विक्रीने या प्रश्नाला नवे परिमाण दिले आहे. पूर्वी बाटली बारा किंवा चोवीस नगांच्या खोक्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे जात असे. आता तीच बाटली एकटी, वेगळ्या पार्सलमधून, अनेक वर्गवारी केंद्रांतून प्रवास करते. खोक्यातील शेजारच्या बाटल्यांचा आधार व थप्पीचे स्थैर्य तिला मिळत नाही. दुकानासाठी आखलेले संवेष्टन पार्सलसाठी जसेच्या तसे वापरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

३. पात्राचे द्रव्य आणि आतील पदार्थ

प्राथमिक पात्राची निवड करताना आतील पदार्थाचा विचार अनिवार्य आहे. एचडीपीई हे प्लास्टिक पाण्याची वाफ चांगली अडवते. परंतु ऑक्सिजन व सुगंधी तेले त्यातून तुलनेने सहज आरपार जातात. पेट हे प्लास्टिक ऑक्सिजन अधिक चांगल्या रीतीने अडवते आणि पारदर्शकही असते, मात्र पारदर्शकतेमुळे प्रकाशाचा प्रश्न उभा राहतो. जीवनसत्त्व 'अ' व 'क' असलेली प्रसाधने, तसेच काही रंगद्रव्ये प्रकाशाने खराब होतात. तपकिरी काच किंवा ॲल्युमिनियमची नळी अशा पदार्थांना अधिक योग्य ठरते. पात्रातील ऑक्सिजन पदार्थाने शोषून घेतल्यास अथवा द्रावक भिंतीतून निसटल्यास बाटलीच्या भिंती आत ओढल्या जातात. गोदामातील अशी 'पोट खपाटीला गेलेली' बाटली ही पात्र व पदार्थ यांच्या विसंगतीची खूण असते.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे ताणाने पडणाऱ्या भेगा होत. पॉलिएथिलीन ताणाखाली असताना त्याचा पृष्ठसक्रिय द्रव्यांशी दीर्घकाळ संपर्क राहिल्यास, एरवी सहज पेलला जाणाऱ्या ताणानेही ते तडकते. शाम्पू हे मूलतः पृष्ठसक्रिय द्रव्यांचे द्रावण आहे. म्हणजेच शाम्पूच्या एचडीपीई बाटलीवर थप्पीचा भार येत असेल, तर बाहेरून दाब व आतून शाम्पू असा दुहेरी हल्ला होतो. भरताना उत्तम असलेली बाटली काही आठवड्यांनी तळाच्या वळणापाशी पाझरू लागते, त्याचे कारण अनेकदा हे असते. अशा बाटल्यांच्या बाबतीत भार खोक्यानेच पेलला पाहिजे. बाटलीवर तो येऊ देणे योग्य नव्हे.

उष्णतेचा परिणाम उत्पादनानुसार बदलतो. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे हिवाळ्यात घट्ट व उन्हाळ्यात पातळ अशा दोन्ही अवस्था त्याला प्रवासात भोगाव्या लागतात. तेल पातळ झाले की झाकणाची लहानशी उणीवही गळतीला पुरते. लिपस्टिकमध्ये मेण व तेल यांचा समतोल असतो. तापमानाच्या चढउतारात तेल पृष्ठभागावर येऊन थेंब दिसू लागतात. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकमधील तापमान त्याहूनही अधिक असते. त्यामुळे सामान्य तापमानाला घेतलेली स्थिरता चाचणी अशा मार्गांसाठी पुरेशी मानता येत नाही.

४. झाकण : सर्वांत लहान व सर्वांत निर्णायक घटक

द्रवरूप प्रसाधनांच्या तक्रारींत गळती हा नेहमीचा विषय असतो आणि तिचे मूळ अनेकदा झाकणात सापडते. आट्याचे झाकण आवळल्यानंतर त्यातील अस्तर व प्लास्टिक हळूहळू दबते. परिणामी झाकण उघडण्यास लागणारा जोर आवळण्यासाठी लावलेल्या जोरापेक्षा कमी होत जातो. त्यावर प्रवासातील कंपनाची भर पडली की झाकण आणखी सैल होते. मात्र अधिक जोराने आवळणे हा उपाय नव्हे. अति आवळलेले झाकण तडकते किंवा त्याचे आटे झिजतात. म्हणून आवळण्याचा जोर मोजून ठरवणे व भरल्यानंतर काही तासांनी तो पुन्हा तपासणे ही आवश्यक प्रक्रिया होय.

इंडक्शन सील हा यावरील प्रभावी उपाय आहे. झाकणातील ॲल्युमिनियमची चकती विद्युतचुंबकीय क्षेत्रात तापते, तिच्या खालचा प्लास्टिकचा पातळ थर वितळतो आणि बाटलीच्या ओठाला चिकटतो. त्यामुळे झाकण सैल झाले तरी गळती होत नाही, तसेच बाटली पूर्वी उघडली गेली आहे काय हेही समजते. या दुसऱ्या कार्याला विशेष महत्त्व आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतील शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष मिसळले गेल्याने सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी तेथील अन्न व औषध प्रशासनाने छेडछाड दर्शवणारे संवेष्टन बंधनकारक करणारे नियम केले. त्यांत औषधांबरोबर मुखस्वच्छतेच्या द्रवरूप प्रसाधनांचाही समावेश करण्यात आला.

हवाई वाहतुकीत झाकणाची आणखी एक परीक्षा होते. विमानातील हवेचा दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका खाली येऊ शकतो. बाटलीत अडकलेली हवा प्रसरण पावते व द्रव बाहेर ढकलला जातो. काठोकाठ न भरता योग्य रिकामी जागा ठेवणे व सील करणे हे दोन्ही उपाय येथे उपयुक्त ठरतात. अत्तरे व एरोसोल डिओडोरंट ज्वलनशील असल्याने संयुक्त राष्ट्रसंघाच्या वर्गीकरणात ती अनुक्रमे १२६६ व १९५० या क्रमांकांखाली धोकादायक माल म्हणून नोंदली आहेत. त्यांच्या हवाई वाहतुकीस संवेष्टन, खूणचिठ्ठी व प्रमाण यांबाबतचे स्वतंत्र नियम लागू होतात.

५. साठवणूक : खोक्याची कागदावरील व प्रत्यक्ष ताकद

कोरुगेटेड खोक्याची उभा दाब सहन करण्याची क्षमता कशावर अवलंबून असते, याचे सूत्र १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. त्यानुसार ही क्षमता पुठ्ठ्याच्या कडेच्या दाबसहनशक्तीच्या समप्रमाणात, तर पुठ्ठ्याची जाडी व खोक्याचा परिघ यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. कडेची शक्ती दुप्पट केल्यास खोके दुप्पट भार पेलते, जाडी दुप्पट केल्यास मात्र क्षमता सुमारे १.४ पट होते. खोके खरेदी करताना केवळ 'किती प्लाय' एवढाच प्रश्न विचारणे म्हणूनच अपुरे असते. कडेच्या दाबसहनशक्तीची मागणी करणे अधिक अर्थपूर्ण होय.

परंतु ही क्षमता प्रयोगशाळेत, ठरावीक तापमान व आर्द्रतेत, काही सेकंदांपुरती मोजली जाते. गोदामात खोके महिनोन्महिने भाराखाली उभे असते. कागद हा ओलावा शोषणारा पदार्थ आहे. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत पुठ्ठ्यातील पाण्याचे प्रमाण सुमारे ७ ते ८ टक्के असते, तर ९० टक्के आर्द्रतेत ते त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. थर जोडणारी खळ सामान्यतः स्टार्चची असल्याने तीही ओलाव्याने मऊ पडते. आर्द्रता स्थिर राहण्यापेक्षा ती वरखाली होत राहणे अधिक घातक असते, कारण प्रत्येक चक्रात भाराखालील पुठ्ठा थोडा थोडा वाकत जातो. जुलै महिन्यात मुंबई व कोकणपट्टीत सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते. भिवंडी परिसरातील गोदामे याच हवामानात आहेत, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

अमेरिकेतील फायबर बॉक्स असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेतून उद्योगात रूढ झालेल्या गुणकांनुसार खोक्याची मूळ क्षमता पुढीलप्रमाणे शिल्लक राहते.

तक्ता क्र. १ : खोक्याची शिल्लक क्षमता

सापेक्ष आर्द्रता ५० टक्के : १०० टक्के
सापेक्ष आर्द्रता ७० टक्के : ८० टक्के
सापेक्ष आर्द्रता ९० टक्के : ४८ टक्के
भाराखाली ३० दिवस : ६० टक्के
भाराखाली ९० दिवस : ५५ टक्के
खोक्यांचे कोपरे एकावर एक, सरळ स्तंभात : जवळजवळ १०० टक्के
विटांप्रमाणे सांधे मोडून रचलेली थप्पी : ४० ते ६० टक्के
खोके पॅलेटच्या कडेबाहेर आलेले : ६० ते ८० टक्के

हे गुणक परस्परांनी गुणले जातात, त्यामुळे त्यांचा एकत्रित परिणाम अनपेक्षित रीतीने मोठा होतो. उदाहरणार्थ, प्रत्येकी ८ किलो वजनाची दहा खोकी एकावर एक ठेवली, तर सर्वांत खालच्या खोक्यावर वरील नऊ खोक्यांचा, म्हणजे ७२ किलोंचा भार येतो. पहिल्या परिस्थितीत खोकी सरळ स्तंभात, ७० टक्के आर्द्रतेत, ३० दिवस ठेवायची आहेत असे मानू. शिल्लक क्षमता ०.८ गुणिले ०.६, म्हणजे ०.४८ होते. अशा वेळी ७२ भागिले ०.४८, म्हणजे १५० किलोग्रॅम-भार पेलणारे खोके किमान आवश्यक ठरते. दुसऱ्या परिस्थितीत तीच खोकी सांधे मोडून, ९० टक्के आर्द्रतेत, ९० दिवस ठेवली, तर शिल्लक क्षमता ०.४८ गुणिले ०.५५ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ०.१३ होते. आता सुमारे ५४५ किलोग्रॅम-भार पेलणारे खोके लागते. माल तोच, वजन तेच आणि थप्पीची उंचीही तीच असताना गरज साडेतीन पटींहून अधिक वाढते.

थप्पीच्या रचनेचा एवढा परिणाम होण्याचे कारण खोक्याच्या घडणीत आहे. खोक्याच्या भिंतींचा मधला भाग भाराखाली बाहेर फुगतो आणि बहुतांश भार, साधारणतः दोन-तृतीयांश, कोपरे पेलतात. सांधे मोडून रचताना वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या दुबळ्या मध्यावर येतो. अशी थप्पी ढासळण्यास अधिक प्रतिकार करते, म्हणून ती पसंत केली जाते. परंतु स्थैर्यासाठी सरळ स्तंभ रचून त्याला स्ट्रेच फिल्म गुंडाळणे किंवा फक्त सर्वांत वरचा थर आडवा रचणे, हा मार्ग क्षमतेची हानी टाळतो.

आतील माल किती भार वाटून घेतो, हाही विचार महत्त्वाचा आहे. काचेच्या ताठ बाटल्या वा धातूचे डबे भाराचा काही अंश पेलतात. सॅशे, लॅमिनेटेड नळ्या व मऊ बाटल्या यांच्याकडून ती अपेक्षा करता येत नाही. अशा मालाचे खोके दिसायला लहान व हलके असले तरी त्याला अधिक ताकदीचा पुठ्ठा लागतो. खोके दबले की सॅशेच्या कडांवरील जोड फुटतात आणि एका सॅशेतील शाम्पू संपूर्ण खोके खराब करतो.

६. एक बोधप्रद उदाहरण

साठवणुकीतील संकटे केवळ भौतिक नसतात, याचे मुंबईतील उदाहरण उद्बोधक आहे. 'पॅराशूट' खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यांतून विकले जात असे. हे तेल खाद्यतेल म्हणून विकले जात असले तरी घरोघरी त्याचा वापर केसांसाठी होतो. १९८० च्या दशकात हर्ष मारीवाला यांनी ते प्लास्टिकच्या बाटलीत आणण्याचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांचा त्याला विरोध होता. त्याआधी दुसऱ्या उत्पादकाने आणलेल्या चौकोनी प्लास्टिक बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. उंदराला चौकोनी बाटलीचा कोपरा दातांत धरता येतो, गोल बाटलीवर मात्र त्याची पकड बसत नाही. म्हणून बाटली गोल करण्यात आली व बाहेर तेलाचा अंशही राहू नये याची काळजी घेण्यात आली. नव्या बाटल्या उंदरांसह पिंजऱ्यात ठेवून व्यापाऱ्यांची खात्री पटवण्यात आली, असे मारीवाला यांनी नमूद केले आहे.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. महाग द्रव्य न वापरता केवळ आकार बदलून संरक्षण साधता येते. तसेच उपाय शोधण्यापूर्वी हानी नेमकी कोठे व कशी होते, हे प्रत्यक्ष गोदामात पाहणे अगत्याचे असते.

७. कायदेशीर बाजू

भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये होते. या कायद्याखालील स्वतंत्र सौंदर्यप्रसाधने नियम डिसेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले. उत्पादनासाठी राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याचा परवाना आवश्यक असून महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. अधिनियमाच्या कलम १७-ई मधील भेसळीची व्याख्या येथे विशेष लक्षणीय आहे. पदार्थात हानिकारक द्रव्य मिसळणे एवढ्यापुरती ती मर्यादित नाही. अस्वच्छ परिस्थितीत भरलेले किंवा साठवलेले आणि त्यामुळे दूषित होण्याचा संभव असलेले प्रसाधन, तसेच ज्याचे पात्र विषारी वा अपायकारक द्रव्याचे आहे असे प्रसाधनही भेसळयुक्त मानले जाते. याचा अर्थ असा की, पात्र व साठवणूक या गोष्टी कायद्याच्या दृष्टीने उत्पादनाच्या गुणवत्तेचाच भाग आहेत.

वाहतुकीत खूणचिठ्ठी पुसली गेली वा सुटून पडली, तर बॅच क्रमांक व वापराची मुदत समजण्याचा मार्ग उरत नाही. सदोष माल परत मागवण्याची वेळ आल्यास नेमका कोणता माल परत घ्यावयाचा हेच कळत नाही. म्हणून तेलकट वा ओलसर पृष्ठभागावर टिकणारी छपाई व गोंद यांची निवड हीदेखील संरक्षक संवेष्टनाची बाब ठरते.

८. संरक्षण आणि पर्यावरण

अधिक वेष्टन म्हणजे अधिक संरक्षण, हा समज व्यवहारात दृढ आहे. मोठ्या खोक्यात लहान बाटली ठेवून भोवती फुग्यांचे प्लास्टिक गुंडाळण्याची पद्धत त्यातूनच आली. पण मोठ्या खोक्यात वस्तू हलते, रिकाम्या भागावर दाब आल्यास खोके चेपते आणि वाहनातील जागाही वाया जाते. योग्य मापाचे खोके कमी साहित्यात अधिक संरक्षण देते.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये उत्पादक, आयातदार व नाममुद्राधारक यांच्यावर विस्तारित उत्पादक जबाबदारी आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टिक संवेष्टनाची कठीण, लवचीक, बहुस्तरीय व विघटनशील अशी विभागणी केली. सौंदर्यप्रसाधनांचे सॅशे बहुधा बहुस्तरीय असतात. पॉलिएस्टर, धातूचा मुलामा व पॉलिएथिलीन यांचे थर एकत्र असल्यामुळे ओलावा व सुगंध यांचे उत्तम रक्षण होते, परंतु त्याच कारणाने त्यांचे पुनर्चक्रीकरण अवघड होते. दुसरीकडे, अपुऱ्या संवेष्टनामुळे वाया गेलेल्या प्रसाधनात कच्चा माल, पाणी, ऊर्जा व वाहतूक हे सर्वच वाया जाते. म्हणून संवेष्टन कमी करण्याचा प्रयत्न हानीच्या नोंदी ठेवूनच केला पाहिजे. अन्यथा पुठ्ठ्याची बचत व मालाचा नाश असा उफराटा व्यवहार होतो.

९. लघुउत्पादकांसाठी व्यवहार्य उपाय

लघुउत्पादकाला महागडी यंत्रसामग्री परवडत नाही. तथापि वरील विवेचनातील बहुतेक उपाय शिस्तीचे आहेत, भांडवलाचे नाहीत. किराणा दुकानातून आणलेली जुनी खोकी पुन्हा वापरू नयेत. एकदा दुमडलेल्या, ओल्या झालेल्या किंवा कोपरे मोडलेल्या खोक्याची क्षमता किती उरली आहे, हे पाहून कळत नाही. भरलेल्या बाटल्यांपैकी काही बाटल्या शोषक कागदावर एक दिवस आडव्या व उलट्या ठेवल्यास झाकणाची गळती दिसून येते. भरलेले खोके कंबरेच्या उंचीवरून, प्रथम कोपऱ्यावर, मग कडांवर व पृष्ठांवर टाकून पाहणे ही चाचणी कोणत्याही कार्यशाळेत करता येते. खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून अंतरावर ठेवावीत. कोपऱ्यावर कोपरा येईल अशी थप्पी रचावी, पावसाळ्यात तिची उंची कमी करावी आणि आधी आलेला माल आधी पाठवावा.

परत आलेल्या खराब मालाची नोंद ठेवणे हा सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. गळती झाकणातून झाली की तळातून, खोके खालचे होते की वरचे, महिना कोणता होता, एवढ्या तीन बाबी लिहिल्या तरी दोष कोठे आहे हे बहुधा उघड होते. शास्त्रीय चाचणीची आवश्यकता भासल्यास १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेकडे चाचणी व प्रशिक्षण यांची सोय आहे. महाविद्यालयांनाही येथे वाव आहे. पुठ्ठ्याच्या ताकदीवर आर्द्रतेचा परिणाम किंवा पडणाऱ्या खोक्याचे मंदन हे पदवी स्तरावरील प्रकल्पांचे उत्तम विषय असून त्यांचा लाभ परिसरातील बचत गटांना थेट मिळू शकतो.

निष्कर्ष

१. सौंदर्यप्रसाधनाचे संरक्षण कोणत्याही एका स्तरावर अवलंबून नसते. झाकण, पात्र, खोके व थप्पी या साखळीतील सर्वांत दुबळी कडी एकूण संरक्षण ठरवते.

२. पात्राची निवड आतील पदार्थाच्या गुणधर्मांनुसार व्हावयास हवी. शाम्पूसारखा पदार्थ स्वतःच भाराखालील पात्राला भेगा पाडण्यास कारणीभूत ठरू शकतो.

३. कोरुगेटेड खोक्याची प्रयोगशाळेतील क्षमता ही केवळ आरंभबिंदू आहे. आर्द्रता, कालावधी व थप्पीची रचना यांमुळे तिचा लहानसा अंशच शिल्लक राहू शकतो. खोके अधिक मजबूत करण्याआधी ते ठेवण्याची पद्धत सुधारणे हा स्वस्त व परिणामकारक मार्ग होय.

४. वेष्टनाचे प्रमाण वाढवणे म्हणजे संरक्षण वाढवणे नव्हे. योग्य माप, योग्य गादी व हानीच्या नोंदी यांच्या आधारे संरक्षण व पर्यावरण या दोहोंचा मेळ घालता येतो.

५. न दिसणारी हानी ग्राहकाच्या आरोग्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे वाहतूक व साठवणूक ही उत्पादनानंतरची दुय्यम व्यवस्था न मानता उत्पादनाच्या गुणवत्तेचा अंगभूत भाग मानली पाहिजे. कारखान्याच्या दारात माल निर्दोष असणे पुरेसे नाही, तो वापरणाऱ्याच्या हाती निर्दोष पोहोचणे ही उत्पादकाची जबाबदारी होय.